घरच्या सामन्याला गॅलरी का भरत नाही?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मराठवाड्यातल्या फुटबॉल क्लबांचे पदाधिकारी, खेळाडू आणि प्रेक्षक यांच्याकडून आम्ही प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : संघ खेळतो, पण मैदान भरत नाही. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : हंगामात आमच्या क्लबचे आठ सामने घरच्या मैदानावर होतात. स्टेडियमची क्षमता चार हजार सांगतात, तिकीट ३० रुपये आहे. एरवी हजार-बाराशे माणूस येतं. शेजारच्या जिल्ह्याचा संघ आला की मात्र पाय ठेवायला जागा नसते. आमचा संघ वाईट खेळत नाही. मग बाकीच्या सात सामन्यांना लोक का येत नाहीत?
– क्लबचे सचिव, नांदेड

उत्तर : सचिवसाहेब, पहिल्यांदा तो चार हजारांचा आकडा तपासून घ्या. सिमेंटच्या पायरीवर माणूस नीट बसायचा तर त्याला किमान ४५ सेंटिमीटर रुंदी लागते. म्हणजे ६० मीटर लांबीच्या एका पायरीवर १३३ माणसं. दहा पायऱ्या असतील तर १,३३०, आणि त्यातून चढण्या-उतरण्याच्या वाटा वजा केल्या की बाराशेच्या आसपास. अशा दोन गॅलऱ्या असल्या तरी आकडा अडीच हजारांच्या आतच राहतो. सांगितलेली क्षमता बऱ्याचदा कुंपणाला टेकून उभी राहणारी माणसं धरून असते. टेप घ्या आणि गॅलरी मोजा. तुमचे बाराशे प्रेक्षक म्हणजे तीस टक्के की पन्नास टक्के, हे त्याशिवाय कळणार नाही. उपाय त्यावरच ठरतो.

दुसरं काम माणसं मोजण्याचं. तीन आकडे वेगवेगळे लिहा : विकलेली तिकिटं, वाटलेले पास, आणि गेटवर प्रत्यक्ष फाडलेले तुकडे. तिसरा आकडा तोच खरा. प्रत्येक सामन्यामागे वहीत एक ओळ लिहायची : तारीख, वार, सुरू होण्याची वेळ, समोरचा संघ, हवा कशी होती, त्या दिवशी शहरात आणखी काय होतं, आणि फाडलेल्या तुकड्यांची संख्या. आठ सामन्यांच्या आठ ओळी झाल्या की जी कारणं बैठकीत तावातावाने मांडली जातात, त्यातली निम्मी गळून पडतात. ‘संघ हरला म्हणून लोक आले नाहीत’ हे कारण तर पहिलं गळतं. हरल्यानंतरच्या रविवारी गर्दी आणि जिंकल्यानंतरच्या बुधवारी शुकशुकाट, अशा नोंदी शेजारी शेजारी दिसू लागतात.

आता मूळ कारणाकडे येऊ. तुमच्या प्रेक्षकाला पक्कं ठाऊक आहे की कधीही गेलो तरी जागा मिळणारच. त्यामुळे तो आधी तिकीट घेत नाही, आणि आधी पैसे गुंतले नाहीत की आयत्या वेळी न येणं सोपं होतं. पाहुणे आले, थोडं ऊन लागलं, मित्र नाही म्हणाला, एवढं पुरतं. शेजारच्या जिल्ह्याचा संघ येतो तेव्हा जागा मिळणार नाही अशी धास्ती असते, म्हणून तिकीट दोन दिवस आधी घेतलं जातं, आणि पैसे मोजलेला माणूस सहसा येतोच. खेळाची आवड दोन्ही दिवशी तेवढीच असते. जागेची खात्री मात्र एका दिवशी असते आणि एका दिवशी नसते.

म्हणून आमचा पहिला सल्ला ऐकायला उलटा वाटेल : मैदान लहान करा. एरवीच्या सात सामन्यांना एकच गॅलरी उघडा, पश्चिमेकडची. मैदान उत्तर-दक्षिण असेल तर तिथे बसणाऱ्यांच्या पाठीला ऊन येतं. पूर्वेच्या गॅलरीत बसलेल्याच्या थेट डोळ्यांत मावळतं ऊन जातं आणि त्याला दुसऱ्या हाफमधला चेंडू धड दिसत नाही. अकराशे तिकिटं छापा. संपली की ‘तिकिटं संपली’ अशी पाटी लावा आणि मागचं दार उघडू नका. ओळखीच्या माणसांसाठी एकदा दार उघडलं की पुढच्या सामन्याला आगाऊ विक्री पुन्हा शून्यावर येते. मुंबई सिटी एफसीने २०१४ आणि २०१५ चे हंगाम नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये खेळले, जिथे पन्नास हजारांहून अधिक माणसं मावतात. २०१६ पासून तो संघ अंधेरीच्या दहा हजारांहूनही कमी क्षमतेच्या मैदानावर आला. बाराशे माणसं एकाच गॅलरीत खांद्याला खांदा लावून बसली की जो आवाज होतो तो चारी बाजूंना विखुरली की होत नाही, आणि पुन्हा यावंसं वाटण्यात त्या आवाजाचा वाटा मोठा असतो.

मोठ्या सामन्याचा उपयोगही नीट करून घ्या. त्या दिवशी तिकीट महाग करण्याचा मोह टाळा. उलट त्या तिकिटाच्या मागे पुढच्या दोन घरच्या सामन्यांच्या तारखा छापा, आणि हा तुकडा दाखवला तर पुढचं तिकीट १० रुपयांनी कमी, असं जाहीर करा. पुढच्या सामन्याला असे किती तुकडे परत आले ते मोजा. शंभरातले दहा आले तरी ते तुमचे नवे नेहमीचे प्रेक्षक आहेत.

प्रश्न : सामना कोणत्या दिवशी आणि किती वाजता ठेवावा? आम्ही रविवारी चारला ठेवतो. शेवटची पंधरा मिनिटं गॅलरी अर्धी रिकामी होते.
– एक प्रशिक्षक, जालना

उत्तर : हिशेब मांडून पाहा. पहिला हाफ ४५ मिनिटं, मध्यंतर १५, दुसरा हाफ ४५, आणि दोन्ही हाफची मिळून वाया गेलेली वेळ पाच-सहा मिनिटं. एक तास पन्नास मिनिटं झाली. चारला सुरू झालेला सामना पाच पन्नासला संपतो. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे शेवटची पाच मिनिटं संधिप्रकाशात जातात. पाहुणे उशिरा आले आणि सामना सव्वाचारला सुरू झाला तर गोलरक्षकालाही चेंडू दिसेनासा होतो. नोव्हेंबर ते जानेवारी साडेतीनच्या पुढे सामना सुरू करू नका. पाच वीसला शिट्टी वाजते, उजेड असतो, आणि बाहेरगावचा माणूस बसस्थानकावर वेळेत पोहोचतो.

ही बसची गोष्ट फार महत्त्वाची आहे. शहरापासून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या गावाला जाणारी मुक्कामी एसटी संध्याकाळी सुटते, आणि ती चुकली की वडाप किंवा कुणाची तरी मोटारसायकल शोधावी लागते. तुमची गॅलरी शेवटच्या पंधरा मिनिटांत रिकामी होते त्यामागे बहुधा हेच असावं. बसस्थानकात जाऊन आसपासच्या दहा-बारा गावांच्या शेवटच्या गाड्यांच्या वेळा लिहून आणा आणि सामना त्यातल्या सर्वांत आधीच्या गाडीच्या चाळीस मिनिटं अगोदर संपेल असा लावा.

दिवस ठरवताना रविवार डोळे झाकून धरू नका. हिवाळ्यात जवळजवळ प्रत्येक तालुक्यात रविवारी टेनिस बॉल क्रिकेटचा कुठला ना कुठला चषक चालू असतो. तिथे तिकीट नसतं, आणि गल्लीतली पोरं खेळत असतात. शनिवार दुपार बऱ्याचदा मोकळी सापडते. काही क्लब आठवडी बाजाराचा दिवस रहदारीमुळे टाळतात. आमच्या मते त्या दिवशी निदान दोन सामने लावून बघावेत. खेड्यातला माणूस त्या दिवशी शहरात आलेलाच असतो आणि दुपारी तीनपर्यंत त्याचा बाजार उरकलेला असतो.

महिन्यांचं गणित जिल्ह्यागणिक बदलतं. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी आणि पुढे कापसाची वेचणी सुरू असते. बीडच्या बाजूला दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत, म्हणजे तालुक्यातला तरुण प्रेक्षक हंगामभर कारखान्यांवरच असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा असतात. त्या काळात पोरगं आलं नाही, की त्याला सोडायला येणारा बापही येत नाही. माळेगावची यात्रा, पैठणची नाथषष्ठी, लातूरची सिद्धेश्वर यात्रा, परभणीचा उरूस, यांच्या दिवसांत त्या त्या भागात सामना लावणं म्हणजे तिकिटं छापण्याचा खर्च वाया घालवणं. उलट १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, हा आपल्याकडे सुटीचा दिवस. सकाळी झेंडावंदन झालं की दुपार मोकळी असते. पावसाने मैदान खेळण्याजोगं ठेवलं असेल तर वर्षातला मोठा सामना या तारखेला कायमचा बांधून टाका.

यातली ‘कायमचा’ ही गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त महत्त्वाची वाटते. दर पंधरा दिवसांनी शनिवारी साडेतीन, असं एकदा ठरलं की ते हंगामभर मोडायचं नाही. पुढाऱ्याला वेळ नाही म्हणून उद्घाटन तासभर लांबवलं, प्रायोजकाच्या सोयीसाठी सामना गुरुवारी नेला, असं दोनदा झालं की माणूस ‘आज आहे का नाही’ हे विचारण्याचाही कंटाळा करतो. वेळेवर शिट्टी वाजणं ही क्लबची सर्वांत स्वस्त जाहिरात आहे.

प्रश्न : लोक घरी बसून टीव्हीवर आणि मोबाइलवर युरोपचे सामने बघतात म्हणून आमच्याकडे गर्दी नाही, असं म्हणतात. हे खरं का? आणि आम्ही आमचे सामने यूट्यूबवर थेट दाखवावेत का?
– महाविद्यालयीन खेळाडू, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुमचा सामना दुपारी असेल तर हे कारण टिकत नाही. इंग्लंडमधली घड्याळं ऑक्टोबरच्या अखेरीस एक तास मागे जातात. त्यानंतर तिथला शनिवारचा दुपारी साडेबाराचा सामना आपल्याकडे संध्याकाळी सहाला सुरू होतो आणि तीनचे सामने रात्री साडेआठला. तुमचा साडेतीनचा सामना तोवर संपलेला असतो. प्रकाशझोतात संध्याकाळी सातला खेळणाऱ्या क्लबांना मात्र याचा फटका बसू शकतो.

थेट प्रक्षेपणाबद्दल इंग्लंडचाच दाखला घ्या. तिथे शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉलचा कोणताही सामना टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. लहान क्लबांच्या मैदानांवरची गर्दी घटू नये म्हणून १९६० च्या दशकापासून ही प्रथा चालत आली आहे. एवढ्या श्रीमंत फुटबॉलला जी काळजी घ्यावीशी वाटते ती तुम्हीही घ्या. बाहेरगावचे सामने खुशाल थेट दाखवा. घरच्या सामन्याचे गोल रात्री नऊच्या सुमारास दोन मिनिटांच्या चित्रफितीत टाका, आणि त्या फितीत गॅलरीही दिसू द्या.

प्रश्न : तिकीट ठेवावं की सामना मोफत करावा? मोफत पास भरपूर वाटूनही गॅलरी भरत नाही.
– क्लबचे खजिनदार, परभणी

उत्तर : तिकीट ठेवा, पास कमी करा. फुकट मिळालेला पास बहुतेक वेळा पाकिटात राहतो. नगरसेवक, दुकानदार, प्रायोजक यांच्याकडे पासांचे गठ्ठे जातात, आणि तुम्ही मात्र तेवढ्या जागा भरल्या असं धरून बसता. पासाचा रंग वेगळा ठेवा आणि गेटवर त्याचे तुकडे वेगळ्या डब्यात टाका. एका सामन्यातच कळेल की वाटलेल्यांपैकी किती आले. त्यानंतर पद्धत बदला : पास म्हणजे प्रवेश नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत तो क्लबच्या कार्यालयात दाखवून, सही करून, तिकीट घ्यायचं. जे घेतलं जाणार नाही ते सकाळी विक्रीला.

किमतीत एक व्यवहारी अडचण असते ती कुणी बोलत नाही. तिकीट ३० रुपये असलं की खिडकीवर पन्नासाची नोट येते आणि २० रुपये परत द्यावे लागतात. सुटे पैसे संपतात, वाद होतो, रांग थांबते. नोट घेऊन, सुटे देऊन, तिकीट फाडून देण्यात एका माणसामागे २० सेकंद गेले तर एका खिडकीवर तासाला फक्त १८० माणसं सरकतात. तिकीट २० किंवा ५० करा. यूपीआयचा क्यूआर कोड लावा, पण त्यावर विसंबू नका. मैदानाबाहेर हजार मोबाइल जमले की नेटवर्क मंदावतं आणि ‘पैसे कटले, आले नाहीत’ची भांडणं सुरू होतात. क्यूआरची रांग आणि रोखीची रांग वेगळी ठेवा.

यापेक्षा चांगलं म्हणजे खिडकीवर गर्दीच होऊ न देणं. चार-पाच ठिकाणी आगाऊ तिकिटं ठेवा : महाविद्यालयासमोरचं झेरॉक्सचं दुकान, खेळाच्या साहित्याचं दुकान, बसस्थानकाजवळची चहाची टपरी. प्रत्येकाला क्रमांक घातलेलं पन्नास तिकिटांचं पुस्तक द्या, तिकिटामागे दोन रुपये त्यांचे. सामन्याच्या सकाळी उरलेली तिकिटं आणि पैसे गोळा करून पुस्तकावर सही घ्या. पहिल्या दोन सामन्यांत विक्री थोडी होईल, दुकान बदलू नका.

हंगामी पासचा हिशेब सोपा ठेवा. आठ सामने, २० रुपये तिकीट, म्हणजे १६० रुपये. पास १०० रुपयांना द्या, पाच सामन्यांच्या किमतीत. दिवाळीच्या आधी विका, नंतर बंद. त्यावर जागेचा क्रमांक असू द्या, कारण ‘माझी जागा’ ही भावना माणसाला खेचून आणते. शाळेच्या मुलांना वर्गच्या वर्ग फुकट आणून गॅलरी भरायची, हे हंगामात एकदोनदा ठीक. त्याहून अधिक केलं की नेहमीचा प्रेक्षक कावतो. त्यापेक्षा एका मोठ्या तिकिटावर एक लेकरू मोफत, हा नियम कायम ठेवावा. बारा वर्षांचं पोरगं आज बापाबरोबर आलं तर पुढे ते स्वतःचं टोळकं घेऊन येतं.

करांची भीती बाळगू नका. ५०० रुपयांपर्यंतच्या क्रीडा तिकिटावर जीएसटी लागत नाही.

प्रश्न : कोल्हापुरात तालमींचे संघ खेळतात तेव्हा शाहू स्टेडियम फुलून जातं. आपल्याकडे तसं का होत नाही? आपल्या भागात फुटबॉलची परंपराच नाही का?
– शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, बीड

उत्तर : गुरुजी, परंपरा नाही असं म्हणू नका. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वेळा मुंबईत रोव्हर्स चषक जिंकला, तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्याचाच भाग होता. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवलं.

कोल्हापूरचं यश वेगळ्या गोष्टीत आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे सगळे एकाच शहरातले संघ. त्यांचा सामना असतो तेव्हा दोन्ही बाजूंचा प्रेक्षक गावातच असतो आणि चालत मैदानावर येतो. तुमच्याकडे पाहुणा संघ येतो तास-दोन तासांच्या अंतरावरून, सोबत फार तर एक जीपभर माणसं. म्हणजे कोल्हापुरात प्रत्येक सामन्याला दोन घरचे संघ असतात आणि तुमच्याकडे एक. तिथे खेळाडूही पेठेतला असतो. गोल मारणारा कुणाचा मुलगा, कुणाचा भाचा, हे गॅलरीत बसलेल्याला ठाऊक असतं. तुमच्या अकरातले सहा जण दरवर्षी बदलत असतील आणि ते बाहेरून आणलेले असतील तर प्रेक्षकाने जीव लावायचा कुणाला?

तालीम उसनी आणता येत नाही, पण ती रचना लहान प्रमाणात उभी करता येते. मुख्य सामन्याच्या आधी, दुपारी दोनला, शहरातल्याच दोन गल्ल्यांचा किंवा मोहल्ल्यांचा सामना ठेवा. २५-२५ मिनिटांचे दोन हाफ, मध्ये पाच मिनिटं. तीनला तो संपतो, आणि खेळाडूंना अंग मोकळं करायला अर्धा तास उरतो. दोन्ही गल्ल्यांना पन्नास-पन्नास तिकिटं विकायला द्या, विक्रीतले निम्मे पैसे त्यांच्याकडेच राहू द्या. हंगामात आठ सामने म्हणजे सोळा गल्ल्या. मुख्य सामना सुरू होईपर्यंत ही माणसं गॅलरीत आलेली असतात, आणि तिकीट काढलेला माणूस मध्येच उठून जात नाही.

त्याचबरोबर मुख्य संघात निदान चार-पाच खेळाडू स्थानिक आणि दोन-तीन वर्षं टिकणारे ठेवा. आणि ते कोण आहेत हे सांगा. आपल्याकडच्या बहुतेक मैदानांवर गोल कुणी केला हे गॅलरीतल्या निम्म्या माणसांना कळत नाही, कारण पाठीवरचा क्रमांक धुऊन पुसट झालेला असतो आणि लाउडस्पीकरवर फक्त सत्काराची नावं वाचली जातात. क्रमांक २५ सेंटिमीटर उंचीचे आणि गडद करा. पांढऱ्या जर्सीवर पिवळा क्रमांक नको. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर संघाची यादी टाका, क्रमांकासह आणि मोहल्ल्याच्या नावासह. गोल झाला की दहा सेकंदांत नाव पुकारलं गेलं पाहिजे. सत्कार मध्यंतरात, आणि तेही तीनपेक्षा जास्त नकोत. मध्यंतर १५ मिनिटांचं आहे. भाषणांनी ते चाळीसवर नेलं तर तुमचा साडेतीनचा हिशेब कोसळतो.

प्रश्न : माझा मुलगा जिल्हा संघात खेळतो. मला आणि माझ्या मैत्रिणींना सामना बघायला आवडेल, पण मैदानावर बायकांसाठी काहीच सोय नसते. क्लबने नेमकं काय करावं?
– एक आई, धाराशिव

उत्तर : ताई, हे पत्र प्रत्येक क्लबने बैठकीत वाचून दाखवावं. अर्धं शहर मैदानाबाहेर ठेवून गॅलरी भरत नाही म्हणायचं, याला अर्थ नाही.

पहिली गरज स्वच्छतागृहाची. मध्यंतर १५ मिनिटांचं असतं. एका स्त्रीला दीड मिनिट धरलं तर एका शौचकुपावर त्या वेळात दहा जणी. तीनशे स्त्रिया यायला हव्या असतील आणि त्यातल्या एक तृतीयांश मध्यंतरात उठणार असतील तर दहा शौचकुपं लागतात. पक्की नसतील तर पालिकेकडून फिरती मागवता येतात. आत पाणी, कडी, दिवा आणि कचऱ्याचा झाकणाचा डबा हवा. एवढं नसेल तर बाकीच्या सोयी निरर्थक आहेत, कारण बाई तीन तास पाणी न पिता बसणार नाही.

दुसरं, कुटुंबांची गॅलरी प्रवेशद्वाराजवळ आणि सावलीत असावी. कोपऱ्यात, गोलच्या मागे, जाळीआड नको. फक्त स्त्रियांची वेगळी गॅलरी केली की नवरा-बायको-मुलं एकत्र बसू शकत नाहीत, म्हणून आमचं मत कुटुंब गॅलरीच्या बाजूचं आहे. शिवीगाळ करणाऱ्याला पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा बाहेर, आणि हे करणारे स्वयंसेवक त्याच मोहल्ल्यातले, चार लोक ज्यांचं ऐकतात असे हवेत. गाड्या लावण्याच्या जागी उजेड हवा. हे सगळं झाल्यावर खेळाडूंच्या घरच्यांना पहिल्या रांगेची तिकिटं द्या.

प्रश्न : जानेवारीनंतर आमच्या मुरुमाच्या मैदानावर एवढी धूळ उडते की पहिल्या रांगांत कुणी बसत नाही. काय उपाय?
– मैदानाची देखभाल करणारे, लातूर

उत्तर : मैदान १०० बाय ६४ मीटरचं असेल आणि चारी बाजूंना पाच-पाच मीटर जागा धरली तर सुमारे ८,१०० चौरस मीटर भिजवावं लागतं. आदल्या संध्याकाळी चौरस मीटरला दोन लिटर आणि सामन्याच्या तासभर आधी एक लिटर. एकूण साधारण २४ हजार लिटर, म्हणजे १२ हजार लिटरचे दोन टँकर. नुसतं ऐनवेळी शिंपडलेलं पाणी वरच्या थरात राहतं आणि मध्यंतरापर्यंत उडून जातं. आदल्या दिवशीचं पाणी मुरलेलं असेल तरच धूळ बसते.

पाणी पिण्याचं वापरू नका. २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तिथे टँकरने मैदान भिजवताना दिसलेला क्लब लोकांच्या मनातून उतरेल. पालिकेच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं शुद्ध केलेलं पाणी मागा, अर्ज हंगामाच्या आधी द्या. कायमचा उपाय हवा असेल तर पावसाळ्याच्या तोंडाला हरळी लावा. आपल्या उन्हात तग धरणारं गवत तेच. गॅलरीसमोरच्या बाजूचा पट्टा आधी करा, धूळ तिथूनच प्रेक्षकांच्या अंगावर येते.

प्रश्न : मोठ्या सामन्याला गेटवर चेंगराचेंगरी होता होता राहिली. तिकीट असलेली माणसं पहिला गोल होऊन गेल्यावर आत आली आणि पुन्हा येणार नाही म्हणाली. गेटची व्यवस्था कशी करावी?
– स्वयंसेवक, हिंगोली

उत्तर : हातात तिकीट असलेला माणूस एका दारातून तासाला जास्तीत जास्त ६६० या वेगाने आत जातो, असं ब्रिटनमधल्या मैदानांच्या सुरक्षेच्या नियमांत धरलेलं आहे. म्हणजे एकामागे साडेपाच सेकंद. आपल्याकडे बहुतेक गर्दी शेवटच्या अर्ध्या तासात येते. अडीच हजार माणसांपैकी दीड हजार त्या अर्ध्या तासात आली तर एका दारातून ३३० जाणार, म्हणजे पाच दारं लागतात. तुमच्याकडे दोन असतील तर निम्म्याहून अधिक माणसं शिट्टी वाजताना बाहेरच असणार. सामना उशिरा सुरू करणं हा उपाय नव्हे. आधी येण्याचं कारण द्या. गल्ल्यांचा दोनचा सामना इथेही उपयोगी पडतो.

तिकीटविक्रीची खिडकी गेटपासून निदान तीस मीटर लांब हवी, म्हणजे विकत घेणाऱ्यांची रांग आणि आत जाणाऱ्यांची रांग एकमेकींत मिसळत नाही. दारापुढे बांबूचे कठडे बांधून एकेरी वाट करा, रुंदी मीटरभर. ‘तिकिटं संपली’ ही पाटी खिडकीवर न लावता मैदानाकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी लावा, म्हणजे माणूस तिथूनच परत फिरतो.

बाहेर पडण्याची सगळी दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत आणि सामना चालू असताना त्यांना कुलूप नको. फुकटे आत शिरतील या भीतीने कुलूप लावलं जातं. त्याऐवजी प्रत्येक दाराशी दोन माणसं उभी करा. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या सामन्यात गॅलरीत मारामारी आणि पळापळ झाली, सोळा प्रेक्षक मेले. सामन्याच्या सकाळी प्रत्येक दार एकदा पूर्ण उघडून बघा. बिजागरी गंजलेली असते, दारामागे मंडपवाल्याचे खांब रचलेले असतात, आणि किल्ली ज्याच्याकडे आहे तो गावाला गेलेला असतो. ही तपासणी सकाळी दहाच्या आत संपवा, म्हणजे लोहार बोलवायला वेळ उरतो.